अधांतरीं लोखंड

सोमनाथाची मूर्ति लोहचुंबकाच्या बळानें मंदिरांत अधांतरीं राहिली होती, अशी वार्ता तेराव्या शतकांतील ग्रंथकार अल्-कझ्विनी यानें लिहून ठेविली आहे. महमूदाची स्वारी १०२५-२६ सालची. अर्थात् हा साक्षीदार नव्हे. त्यापूर्वीं रोमन ग्रंथकार प्लिनी यानें अलेक्झांड्रियांतील अशाच एका मंदिराचा बेत सांगितला आहे. मात्र शिल्पकार व राजा टॉलेमी हे दोघेहि निवर्तल्यामुळें काम अपुरें राहिलें, असें तो म्हणतो. बरेंच झालें, पुरें होतें तर फजितीच होती!

कारण असें कीं, चुंबकाखालीं लोखंडी गोळा धरल्यास ओढ व वजन तंतोतंत सारखें भरेल असें एक ठिकाण सांपडतें खरें. पण गोळा केसभर वर सरकला कीं ओढ वाढून तो चुंबकास चिकटतो, केसभर खालीं आला कीं ओढ घटून जमिनीवर आपटतो. अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणांत बदलणाऱ्या बळांनीं स्थिर समतोल साधत नाहीं, हें सॅम्युअल अर्नशॉ या इंग्रज गणितज्ञानें १८४२ मध्यें प्रसिद्ध केलें. सोमनाथाची ती कथा प्राचीन विद्येचा पुरावा म्हणून पुढें करणाऱ्यांस हें रुचणार नाहीं. पण त्यास आमचा इलाज नाहीं.

जर्मन इंजिनीयर हेर्मान केम्पर यानें १९२२ पासून या प्रश्नाचा पिच्छा पुरविला. अर्नशॉचा सिद्धान्त आपण होऊन न बदलणाऱ्या चुंबकास लागू. मग चुंबकाचें बळच क्षणोक्षणीं बदललें तर? विद्युच्चुंबक व लोखंडी रूळ यांतील अंतर सतत मोजावें, तें घटलें कीं प्रवाह कमी करावा, वाढलें कीं वाढवावा. परिणामाची वार्ता अशी कारणाकडे परत नेण्याची युक्ति नवी नव्हती; वाफेच्या यंत्राचा वेग आवरण्यासाठीं जेम्स वॉटनें १७८८ मध्यें योजलेल्या फिरत्या गोळ्यांत तीच आहे, आणि तिचें गणित मॅक्सवेलनें १८६८ मध्यें मांडलें. खरी अडचण विलंबाची. दुरुस्ती उशिरां पोंचली तर ती हेलकावा थांबविण्याऐवजीं वाढवितेच. म्हणून अंतर किती एवढेंच नव्हे, तर तें कोणत्या वेगानें बदलत आहे हेंहि यंत्रास कळावें लागतें. वाफेच्या यंत्राच्या जड चाकास थोडा उशीर खपतो, येथें खपत नाहीं.

केम्परला १९३४ च्या ऑगस्टांत पेटंट मिळालें. प्रवाशांची नियमित वाहतूक मात्र पुष्कळच पुढची. शांघायची सुमारें ३० किलोमीटरची गाडी २००४ पासून या तत्त्वावर चालते. तिचे बाहू मार्गाच्या कडेखालीं वळलेले आहेत. त्यांतील विद्युच्चुंबक वरच्या लोखंडाकडे ओढले जातात व मध्यें सुमारें एक सेंटिमीटर फट राखतात. बाहेरची वीज खंडित झाल्यास गाडींतील बॅटऱ्या तो तोल सांभाळतात, व गाडी थांबवून खालीं टेकवितां येते.