कळंब्याची काळी आणि पांढरी

कोल्हापुरात एक प्रश्न घरोघर निघतो. मुलाचे लग्न ठरले, किंवा नोकरीतून मोकळे होताना हाती चार पैसे आले, की घर कुठे बांधायचे? पेठेत जागा नाही, आणि असली तर ती परवडत नाही. मग घरातला एक म्हणतो, गारगोटीकडे आपल्या गावी जाऊ. हवा चांगली, कटकट नाही. दुसरा म्हणतो, छे! कळंब्याला प्लॉट घ्या. शाळा, दवाखाना, मंडई सारे हाताशी. दोन्ही ठिकाणे एकाच रस्त्यावर आहेत. कोल्हापूरहून गारगोटीला निघालेली एस.टी. कळंब्यावरूनच जाते. या रस्त्याच्या दोन टोकांनी माणसाला कसे ओढले, ते आज पाहू.

सरकारी दप्तरात या गावाचे नाव ‘कळंबे तर्फ ठाणे’ असे आहे. ‘तर्फ’ हा जुन्या महसुली व्यवस्थेतला शब्द, काही गावांचा मिळून एक विभाग. त्या व्यवस्थेत गावाचे दोन भाग असत: वस्तीची ती पांढरी आणि पिकाची ती काळी. पांढरी लहान, काळी मोठी. गाव जगायचे ते काळीवर.

शहराने कळंब्याकडे प्रथम पाहिले ते पाण्यासाठी. कात्यायनीच्या डोंगरातून येणारे पाणी अडवून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे तलाव बांधला गेला. शहरापेक्षा जागा उंचावर, त्यामुळे पाणी आपल्या उताराने कोल्हापुरात येई. म्हणजे पाहा, शहर आणि कळंबे यांचा संबंध रस्त्याच्या आधी नळाने जुळला! पण त्यात गावाचा गावपणा बिघडला नाही. उलट पिण्याच्या तलावाच्या वरच्या अंगाला वस्ती नसलेलीच बरी, अशी शहराचीच गरज होती.

नंतर आगगाडी आली. मिरज–कोल्हापूर लोहमार्ग १८९१ साली सुरू झाला आणि शहराचे तोंड पूर्वेकडे फिरले. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली ती याच बाजूला. गुळाचा व्यापार तेथे जमला. पुढे १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठही पूर्वेकडच्याच माळावर उभे राहिले. दक्षिणेचे कळंबे या साऱ्यापासून बाजूला पडले. त्याची शांतता कोणी जाणूनबुजून राखली होती असे नाही. स्टेशन दुसरीकडे होते, एवढेच.

ती मोडली ती मोटारीने. शहराची बस आली आणि सायकलवाला स्कूटरवर बसला, तशी तीन-चार मैलांची वाट दहा-पंधरा मिनिटांची झाली. मग एकराचे गुंठे पडू लागले. चाळीस गुंठ्यांचा एकर. ज्याला ऊस परवडेना त्याला गुंठा विकणे परवडू लागले. यात शेतकऱ्याला दोष देणारे पुष्कळ भेटतात, आणि ते बहुधा त्याच गुंठ्यावर बांधलेल्या घराच्या गच्चीत बसून बोलतात! अशा तुकड्यांची घरे राज्यभर इतकी झाली, की सरकारला २००१ मध्ये गुंठेवारीचा स्वतंत्र कायदा करावा लागला. कळंब्याची काळी डोळ्यांदेखत पांढरी होत गेली.

आता खरा पेच. कोल्हापूरची नगरपालिका १८५४ ची. तिची महानगरपालिका १९७२ मध्ये झाली. पण अर्धे शतक उलटले तरी हद्द मात्र तीच, सुमारे ६७ चौरस किलोमीटर. हद्दवाढीचे प्रस्ताव निघाले, भोवतालच्या गावांनी ते हाणून पाडले. शहर म्हणते, आमची बस, आमचा दवाखाना, आमची मंडई वापरता, मग आत या. गाव म्हणते, आत आलो की घरफाळा वाढेल, उरल्यासुरल्या शेतावर आरक्षण पडेल आणि आमची ग्रामपंचायत जाईल. मला दोघांचेही पटते, आणि म्हणूनच हे भांडण मिटत नाही. शेवटी २०१७ मध्ये सरकारने ४२ गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण काढले. म्हणजे गावे आत नाहीत आणि पुरती बाहेरही नाहीत.

हे दुखणे एकट्या कोल्हापूरचे नव्हे. कल्याण–डोंबिवलीची महानगरपालिका १९८३ मध्ये झाली, तेव्हा आसपासची २७ गावे तिच्यात गेली. २००२ मध्ये ती बाहेर काढली, २०१५ मध्ये पुन्हा आत घेतली. घर जागचे हलले नाही, पण कर कोणाला द्यायचा ते तीनदा बदलले.

इंग्लंडात एबेनेझर हॉवर्ड नावाच्या गृहस्थाने १८९८ मध्येच यावर तोड सांगितली होती: शहराच्या सोयी आणि खेड्याची हवा एकत्र असलेले नवे, आटोपशीर नगर बांधावे. १९०३ मध्ये लेचवर्थ येथे तसे नगर उभारायला सुरुवातही झाली. त्यातली मुख्य गोष्ट बागा नव्हेत. जमीन एका संस्थेच्या हाती राहावी आणि तिची वाढलेली किंमत गावाच्याच कामी यावी, ही होय. कळंब्यात जमीन शेकडो हातांत गेली. वाढलेली किंमत ज्याची त्याने घेतली, आणि गटार कोणी बांधायचे हे ठरायचेच राहिले.

आपल्याकडेही एक वेगळा प्रयत्न झाला, तो रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला. जे. पी. नाईक यांनी गारगोटीला मौनी विद्यापीठ उभारले. शिक्षणासाठी खेड्यातल्या मुलाने शहर गाठावे, त्याऐवजी शिक्षणानेच खेड्यात यावे, असा तो विचार. गारगोटीला त्याने पुष्कळ दिले, पण शिकलेल्या मुलाला लागणारी नोकरी काही तेथे पुरेशी आली नाही. ती शोधत तो याच रस्त्याने कोल्हापूरकडे निघाला, आणि त्यातले कित्येकजण शहराच्या अलीकडे, कळंब्यालाच उतरले.

तेव्हा कळंब्याला घर घेणारा शांतता विकत घेत नाही, हे त्याने ओळखावे. तो शहराचे जवळपण घेतो आणि पंचायतीचा कमी कर घेतो. यातले दुसरे किती दिवस टिकेल, ते हद्दीच्या निकालावर आहे. तलावाचे तसे नाही. त्याच्या वरच्या उतारावर घरे वाढली, की सांडपाण्याला वाट एकच उरते, आणि पाणी ग्रामपंचायतीची हद्द पाहून थांबत नाही.