अल्ट्राक्रेपिडेअरिअन : अर्थ आणि उच्चार

ज्या विषयातले आपल्याला कळत नाही, त्यावर अधिकारवाणीने मत देणाऱ्या व्यक्तीसाठी इंग्रजीत हा दुर्मीळ शब्द आहे. उच्चार ‘अल्ट्रा-क्रेपि-डेअ-रिअन’ असा करावा. मुख्य आघात ‘डेअ’वर येतो. लॅटिनमध्ये ‘अल्ट्रा’ म्हणजे पलीकडे आणि ‘क्रेपिडा’ म्हणजे चप्पल.

या शब्दामागची कथा रोमन ग्रंथकार प्लिनीने सांगितली आहे. ग्रीक चित्रकार अपेलीझ आपली चित्रे रस्त्यावरच्या लोकांना दिसतील अशी मांडून, त्यांचे अभिप्राय आडून ऐकत असे. जोडे शिवणाऱ्या एका कारागिराने चित्रातील चपलेची चूक दाखवली. अपेलीझने ती सुधारली. दुसऱ्या दिवशी हुरूप येऊन तो पायालाही नावे ठेवू लागला, तेव्हा ‘चपलेच्या वर जाऊ नकोस’ असे चित्रकाराने सुनावले.

इंग्रज निबंधकार विल्यम हॅझ्लिट याने 1819 मध्ये समीक्षक विल्यम गिफर्ड याच्यावर हा शब्द फेकला. गिफर्डने मुलपणी जोडे शिवण्याची उमेदवारी केली होती. त्यामुळे टोमणा अधिकच झोंबणारा ठरला. शब्द वापरताना कथेचा पूर्वार्धही ध्यानात ठेवावा : चपलेविषयी कारागिराचेच म्हणणे खरे होते आणि अपेलीझने ते मानलेही होते.