हबवरचं साल आणि मिस्त्रीचं नाव

दर पावसाळा संपला की निघोज्यातल्या खोलीत जमिनीवर जुनं वर्तमानपत्र पसरून मी एक हब उघडतो. आजोबांच्या रॅले सायकलच्या मागच्या चाकाचा. रॉकेलच्या चिंधीने काळं तेल पुसलं की कवचावरची अक्षरं दिसू लागतात. स्टर्मी-आर्चर, एडब्ल्यू, आणि बाजूला 52 व 3. म्हणजे 1952 सालचा मार्च. या हबवर साल आणि महिना ठोकलेला असतो, त्यामुळे त्याचा जन्मदाखला वेगळा शोधावा लागत नाही.

आजोबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. ही सायकल त्यांनी चालवली, मग अब्बांनी, आता मी. आमच्या गावात महिंद्राच्या मोटारी तयार होतात. पण हा हब घेऊन आसपासच्या दुकानांत गेलो, तेव्हा सगळीकडे एकच उत्तर मिळालं, "नवीन चाक टाका."

या हबची गोष्ट इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची. रॅले कंपनीच्या फ्रँक बाउडन यांनी तीन गिअरचा हब 1900 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बाजारात आणला. नाव पडलं हेन्री स्टर्मी आणि जेम्स आर्चर या दोघांचं. पण गिअरची मूळ रचना विल्यम रायली यांची होती. आधीच्या कंपनीशी झालेल्या करारामुळे त्यांचे हात बांधलेले होते, म्हणून पेटंट आर्चरच्या नावाने घेतलं गेलं. जगभरच्या लाखो हबांवर दोन नावं कोरली गेली, तिसरं राहून गेलं.

माझ्याकडचा एडब्ल्यू हा प्रकार 1936 मध्ये आला. आत आसावर 20 दात्यांचं एक चाक पक्कं बसवलेलं. त्याभोवती 20-20 दात्यांची चार छोटी चाकं फिरतात आणि त्या सगळ्यांना बाहेरून 60 दात्यांचं कडं वेढतं. या एवढ्याशा हिशेबावर चढाला पाऊण, सपाटीला एक आणि उताराला एक पूर्णांक एक तृतीयांश असे तीन वेग मिळतात. सगळं बंद कवचात असल्यामुळे चिखल आत जात नाही.

स्वातंत्र्याआधी आपल्याकडच्या चांगल्या सायकली बहुतेक विलायती असत. रॅले, बीएसए, हंबर, हर्क्युलिस. पुढे आयातीवर बंधनं आली आणि 1950 च्या दशकात मद्रासजवळच्या अंबत्तूरला हर्क्युलिस, आसनसोलला सेन-रॅले बनू लागल्या. लुधियान्यात 1956 मध्ये हीरो सायकल्स उभी राहिली. त्या नावामागे एक मुसलमान कारागीर आहे, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असेल. सायकलच्या सीट बनवणारे करीम दीन यांनी आपल्या मालासाठी 'हीरो' हे नाव घेतलं होतं. फाळणीत ते पाकिस्तानला निघाले, तेव्हा मित्र ओमप्रकाश मुंजाल यांनी ते नाव वापरायची परवानगी मागितली आणि त्यांनी दिली. मुंजाल कुटुंबानेच ही हकीकत सांगितली आहे. नाव इथे राहिलं, नाव देणारा सीमेपार गेला.

पुणं सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. ते शहर चालतं ठेवणाऱ्या मिस्त्रींमध्ये आपली माणसं पुष्कळ होती. मला हब उघडायला शिकवलं ते खडकी बाजारातल्या एका चाचांनी. त्यांच्यावर लिहू का, असं विचारलं तर हसले. "हबवर माझं नाव थोडंच आहे?" म्हणून इथेही लिहीत नाही. त्यांनी शिकवलं ते मात्र लिहून ठेवतो.

जुना हब घेताना आस बोटांनी फिरवून बघा. खरखर लागली तर कोन किंवा वाटी खड्ड्यांनी खाल्लेली आहे. आसाचे आटे आणि गिअरची बारीक साखळी तपासा. आरे बसायची भोकं मोजा. मागच्या इंग्रजी हबला बहुधा 40 असतात आणि आपल्या साध्या काळ्या सायकलच्या मागच्या रिमलाही 40च. म्हणून सत्तर वर्षांच्या हबवर आजची लुधियान्याची रिम चढते.

गिअरच्या भागात जाड ग्रीस कधीच भरू नका. त्यात 'कुत्ते' चिकटून बसतात आणि पेडल रिकामं फिरतं. कवचावर तेलाचं झाकण असतं. त्यातून महिन्याला थोडं पातळ तेल सोडा. छर्रे बदलायचे तर सगळे एकदम बदला, जुन्यात नवे मिसळू नका. कोन आवळून झाल्यावर चाक उचलून धरा. व्हॉल्व्हच्या वजनाने ते आपोआप फिरून व्हॉल्व्ह खाली आला, तर बसवणी बरोबर.

"इसको खोल सकते, इसलिए ये जिंदा है," चाचा म्हणायचे.

पण उघडून चालत नाही, आत घालायला भाग लागतात. निघोज्याहून इंद्रायणी ओलांडली की चिखली आणि पुढे कुदळवाडी. तिथल्या भंगाराच्या गोदामांत किलोच्या भावाने घेतलेल्या लोखंडातून मला एक तुटका एडब्ल्यू मिळाला होता. त्यातलं 60 दात्यांचं कडं आज आजोबांच्या हबात फिरतंय. गोदामवाले बरेचसे उत्तर प्रदेशातून आलेले मुसलमान. काय कापायचं आणि काय बाजूला ठेवायचं, हे त्यांच्या नजरेला कळायचं. फेब्रुवारी 2025 मध्ये कुदळवाडीत अतिक्रमणविरोधी कारवाई झाली आणि काही दिवसांतच हजारो शेड भुईसपाट झाली. कायद्याची बाजू कायद्याने बघावी. मी एवढंच सांगतो, की शेडबरोबर ती नजर राखणारी माणसंही पांगली आणि ती कुठे गेली, हे मला विचारूनही कळलं नाही.

आता मी रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात जातो, शाहीर अमर शेख चौकाजवळ. कधी एखादा कोन मिळतो, बहुतेकदा रिकाम्या हाताने परततो. नॉटिंगहॅममध्ये हे हब बनणं 2000 साली थांबलं, ते नाव आता तैवानच्या कंपनीकडे आहे.

चाचांचं दुकान गेल्या ईदपासून बंद आहे, हात थरथरतात. परवा त्यांच्या घरी हा हब घेऊन गेलो. त्यांनी डोळे मिटून आस दोन बोटांत फिरवला आणि म्हणाले, "डावा कोन पाव फेरा सोड."

घरी येऊन सोडला. चाक उचललं. व्हॉल्व्ह हळूच खाली आला.