एका छताखाली चार भाषा

विद्यापीठाचा इतिहास लिहिताना बहुधा कुलगुरूंची मालिका, इमारतींच्या कोनशिला आणि पदवीदान-समारंभातील भाषणे यांचीच नोंद होते. त्या इमारतींत राहिलेली मुले आपसांत कोणती भाषा बोलत, कोणता वेश करीत, सायंकाळी कोणती प्रार्थना म्हणत, याचा उल्लेख दप्तरांत क्वचितच आढळतो. परंतु विद्यापीठ मोठे होते ते जितके वर्गांत, तितकेच वसतिगृहांत. आज, श्रोतेहो, हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या निमित्ताने या दुसऱ्या बाजूचा थोडा विचार करू.

निजामाच्या राज्यात सोळा जिल्हे होते. आठ तेलुगु, पाच मराठी आणि तीन कानडी. लोकसंख्येत निम्म्याच्या जवळपास तेलुगुभाषक, सुमारे एक चतुर्थांश मराठीभाषक आणि उरलेल्यांत कानडी व उर्दू बोलणारे. उर्दू ही ज्यांची मातृभाषा होती, त्यांचे प्रमाण शेकडा दहाबारांच्या आसपास होते. राजधानीत १८८७ साली स्थापन झालेले निजाम कॉलेज होते. पण ते इंग्रजी माध्यमाचे आणि मद्रास विद्यापीठाशी जोडलेले. मराठवाड्यातील सुखवस्तू घरांतली मुले उच्च शिक्षणासाठी पुण्या-मुंबईची वाट धरीत. बाकीच्यांचे शिक्षण गावच्या शाळेतच संपे.

अशा स्थितीत सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी १९१७ साली फर्मान काढले, १९१८ साली विद्यापीठ स्थापन झाले आणि १९१९ मध्ये वर्ग सुरू झाले. शिक्षणाचे माध्यम ठरले उर्दू. इंग्रजी हा सक्तीचा विषय राहिला, पण ज्ञानाचे वाहन म्हणून तिला बाजूला सारण्यात आले. महर्षी कर्व्यांचे महिला विद्यापीठ १९१६ साली मराठीतून सुरू झाले होते, हे खरे. तथापि वैद्यक आणि स्थापत्य यांसह सर्व ज्ञानशाखा एका देशी भाषेतून शिकविण्याचा, आणि तोही राज्याच्या खजिन्याच्या बळावर, एवढा व्यापक प्रयोग त्यापूर्वी हिंदुस्थानात झाला नव्हता. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते, म्हणजे ‘दारुल तर्जुमा’, उघडण्यात आले. मौलवी अब्दुल हक यांच्यासारखा भाषाभक्त त्याच्या मुळाशी होता. रसायनापासून शरीरशास्त्रापर्यंतच्या परिभाषा तेथे घडविल्या गेल्या. परक्या भाषेच्या ओझ्याखाली विद्यार्थ्याची बुद्धी दबून जाते, हे तत्त्व या विद्यापीठाने कृतीत आणून दाखविले. त्याचे हे श्रेय कोणत्याही मतभेदाने कमी होत नाही.

परंतु याच तत्त्वाच्या पोटात एक विसंगती होती. देशी भाषा ती खरी, पण कोणाची? नांदेडचा मराठी मुलगा, वरंगळचा तेलुगु मुलगा आणि रायचूरचा कानडी मुलगा या तिघांनाही उर्दू ही शिकून घ्यावयाची भाषा होती. इंग्रजीहून ती जवळची होती, कानांवर पडलेली होती, कचेरीची होती. तरीही ती घरची नव्हती. उलट, हैदराबादेतील कित्येक कायस्थ व खत्री हिंदू घराण्यांत उर्दू पिढ्यान्‌पिढ्या रुजलेली होती. म्हणून हा प्रश्न केवळ हिंदू-मुसलमानांचा होता असे म्हणणे सोपे असले, तरी पुरेसे नाही. भाषेच्या, धर्माच्या आणि सत्तेच्या रेषा तेथे एकमेकींना छेदून गेल्या होत्या.

वर्गातील भाषा एक झाली म्हणून मनातील भाषा एक होत नाही. शहरात त्याची साक्ष जागोजाग होती. तेलुगु वाचकांसाठी श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम १९०१ पासून उभे होते. मराठी मंडळींनी १९०७ साली विवेकवर्धिनी शाळा काढली, १९२२ साली मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापिले. १९३१ साली डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलनही हैदराबादेत भरले. विद्यापीठातही देशी भाषांचे अध्यापन होतेच, डॉ. ना. गो. नांदापूरकरांसारखा मोरोपंतांचा व्यासंगी मराठीचा प्राध्यापक तेथे होऊन गेला. दिवसा उर्दूतून इतिहास ऐकणारा विद्यार्थी सायंकाळी आपल्या भाषेच्या वाचनालयाकडे वळे. शेरवानी हा विद्यापीठाचा गणवेश होता. तो अंगावर चढवला की बाहेरून सारे सारखे दिसत. आतला माणूस आपापल्या गावचाच राही.

१९३८ च्या नोव्हेंबरात ही आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींवर आदळली. वसतिगृहातील हिंदू विद्यार्थी आपल्या प्रार्थनेच्या खोलीत ‘वंदे मातरम्’ म्हणू लागले आणि अधिकाऱ्यांनी त्यास बंदी केली. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, इंटरमीजिएट कॉलेजात धोतर नेसण्याचा आग्रहही या वादात मिसळला. संस्थानात त्या वेळी स्टेट काँग्रेसवर बंदी होती, सत्याग्रह चालू होता; त्यामुळे सरकारला प्रार्थनेतही राजकारण दिसले. ते अगदीच नव्हते असे नाही. या गीतातील देवीरूपाच्या वर्णनास मुसलमान समाजातून आक्षेप होता, आणि खुद्द काँग्रेसच्या कार्यसमितीने १९३७ साली त्याची पहिली दोनच कडवी सभांतून म्हणावीत असे ठरविले होते. प्रश्न नाजूक होता, तो बोलण्याने सुटण्यासारखा होता. पण अधिकाऱ्यांनी हुकूम काढला, विद्यार्थ्यांनी तो नाकारला, आणि शेकडो मुले वसतिगृहांतून व नंतर विद्यापीठातून काढली गेली. हे लोण गुलबर्गा, वरंगळ येथील महाविद्यालयांपर्यंत पोहोचले.

या मुलांना पुढे थारा दिला तो नागपूर विद्यापीठाने. कुलगुरू तु. ज. केदार यांनी त्यांना प्रवेश दिला. राज्याबाहेर, अपुऱ्या पैशांत, नव्या माध्यमाशी झगडत कित्येकांनी शिक्षण पुरे केले. त्यांत वरंगळकडील एक तेलुगु विद्यार्थी होता, पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव. नागपूर आणि पुणे येथे तो शिकला, मराठी त्याने आपलीशी केली, आणि पुढे हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी तेलुगुत नेली. १९९१ साली तो देशाचा पंतप्रधान झाला. ज्या सहवासातून परस्परांची भाषा उमलावयास हवी, तो उस्मानियाच्या छताखाली तुटला आणि नागपूर-पुण्याच्या वास्तव्यात त्याला अशी फळे धरली.

तथापि सहवास सर्वस्वी वाया गेला असेही नव्हे. याच विद्यापीठातून एम. ए. झालेले कवी मखदूम मोहिउद्दीन आणि याच्याच वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झालेले राज बहादूर गौड हे दोघे शेतकऱ्या-कामगारांच्या चळवळीत सरंजामी सत्तेविरुद्ध खांद्याला खांदा लावून उभे राहिले. दोघांनाही जोडणारी भाषा उर्दूच होती. जी भाषा एकाला सक्तीची वाटली, तीच दुसऱ्याला बंडाची झाली.

१९३९ च्या डिसेंबरात आर्ट्‌स कॉलेजच्या भव्य इमारतीचे उद्‌घाटन झाले. बेल्जियन वास्तुतज्ज्ञ जास्पर यांच्या आराखड्यात मशिदीच्या कमानी आणि अजिंठा-वेरूळच्या धर्तीचे स्तंभ एकत्र नांदविले होते. दगडांना जी तडजोड साधली, ती वसतिगृहाला वर्षापूर्वीच साधली नव्हती.

१९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, संस्थान भारतात आले, आणि पाठोपाठ विद्यापीठाचे माध्यम उर्दूऐवजी इंग्रजी झाले. बहुसंख्य विद्यार्थ्यांवरचा एक अन्याय दूर झाला, यात शंका नाही. पण ज्या मुलाने शाळेपासून सारे उर्दूतून शिकले होते, त्याला आता वर्गात परके वाटू लागले. आणि दारुल तर्जुम्यात घडलेल्या परिभाषा कपाटांत गेल्या. एकाचे परकेपण दुसऱ्याच्या माथी गेले. तेलुगु, मराठी, कानडी यांना मात्र त्या वर्गांत जागा मिळाली नाहीच.

याच काळात मराठवाड्याला या विद्यापीठाचा एक मोठा उपयोग झाला. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेस काढलेले महाविद्यालय, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले, उस्मानियाशीच संलग्न होते. ज्यांच्या पूर्वजांना शाळेची पायरी चढू दिली नव्हती, अशी मुले याच विद्यापीठाच्या परीक्षांना बसली. १९५३ साली उस्मानियाने बाबासाहेबांना सन्माननीय पदवीही दिली. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ निघाले आणि हे नाते संपले. पुढे १९६९ आणि २००९ साली तेलंगणाच्या चळवळीचे केंद्र उस्मानियाचाच परिसर झाला. भाषा एक असतानाही प्रदेशाचा आणि संधीचा प्रश्न उरतोच, हे त्या मुलांनी दाखवून दिले.

या साऱ्यातून निघणारा अर्थ आपल्यासारख्यांना विशेष कळावा. हैदराबाद, इंदूर, बडोदे, बेळगाव येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसाने बहुसंख्य असण्याचे सुख आणि अल्पसंख्य असण्याचे ओझे ही दोन्ही जवळून पाहिली आहेत. प्रवेशपत्रिकेवर किती जातींची, धर्मांची आणि भाषांची नावे आली, एवढ्याने विद्यापीठ सर्वांचे होत नाही. आपली भाषा, आपला वेश आणि आपली प्रार्थना दाराबाहेर न ठेवता मुलाला आत येता यावे, आणि शेजारच्या खोलीतील मुलालाही तोच अधिकार आहे हे त्याला तेथेच शिकता यावे, तेव्हा ते सर्वांचे होते. हे काम हुकमाने होत नाही. त्यासाठी वडीलधाऱ्यांनी मुलांशी वेळीच बोलावे लागते. १९३८ साली ते बोलणे झाले नाही, आणि त्याची किंमत विद्यार्थ्यांनी आपल्या शिक्षणाच्या वर्षांनी मोजली.