चवदार तळ्याचा उरलेला प्रश्न : मासे कोणाचे आणि बुडणारी होडी कोणाची?

दरवर्षी २० मार्चला आपण महाडला जातो. चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरतो, ओंजळीने पाणी घेतो, बाबासाहेबांना अभिवादन करतो आणि परतीची गाडी धरतो. हे झालेच पाहिजे. पण महाडचा संगर म्हणजे फक्त पाणी पिण्याचा संगर, एवढेच नव्या पिढीच्या डोक्यात राहिले तर अर्धा महाड आपल्याला कळलाच नाही, असे आम्ही म्हणू.

महाडने एक प्रश्न कायद्यापुढे आणि समाजापुढे उभा केला होता. जे तळे सार्वजनिक म्हणवले जाते, ते खरोखर कोणाचे? आज गावतळी आहेत, माजी मालगुजारी तलाव आहेत, धरणांचे प्रचंड जलाशय आहेत. सरकारी कागदावर ती सगळी जनतेची. तिथले मासे विकून पैसा कोण कमावतो आणि तिथल्या मोडक्या होडीत बसून जीव कोण गमावतो, हे पाहिले की महाडचा प्रश्न संपलेला नाही हे कळते. त्यासाठी इतिहास पुन्हा नीट वाचावा लागेल.

कागदावरचा ठराव

४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय. सरकारने सप्टेंबरमध्ये खात्यांना तशा सूचना धाडल्या. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला.

पुढे काय झाले? काहीही नाही. तळे कागदावर खुले आणि काठावर बंद. तीन वर्षे एकही अस्पृश्य तिथे पाणी भरू शकला नाही. १९२६ मध्ये बोल्यांना पुन्हा विधिमंडळात उभे राहावे लागले. जी नगरपालिका ठराव पाळणार नाही तिचे अनुदान बंद करा, अशी मागणी करावी लागली.

कार्यकर्त्यांनी हा तीन वर्षांचा काळ विसरू नये. सभा, मिरवणूक, पोलीस, मारहाण हे सारे आपल्याला आठवते. पण त्याआधीची ती शांत तीन वर्षे जास्त शिकवतात. नियम होता, ठराव होता, नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस सहानुभूतीचे होते, आणि तरीही पाणी मिळत नव्हते. नियम अमलात आणण्याची जबाबदारी कोणावरच नसली की नियम करणाऱ्याला पुण्य मिळते आणि मोडणाऱ्याला मोकळीक.

तळे ते न्यायालय

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद झाली. रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या तरुणांनी तिच्यासाठी गावे पालथी घातली होती. दुसऱ्या दिवशी परिषदेतून निघालेले लोक बाबासाहेबांच्या मागे तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. नंतर वीरेश्वराच्या देवळात शिरण्याची अफवा उठवून परतणाऱ्या लोकांना झोडपले गेले. पुढे १०८ घागरी पाणी उपसून, त्यात पंचगव्य मिसळून तळे 'शुद्ध' केले गेले. ज्या तळ्यावर गुरे पाणी पीत होती, ते माणसांच्या स्पर्शाने बाटले होते!

४ ऑगस्ट १९२७ ला, बोले ठरावाच्या चौथ्या वाढदिवशी, नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. मग डिसेंबरची सत्याग्रह परिषद ठरली. त्या वेळी बाबासाहेब आणि प्रतिनिधी मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाले, दासगावला उतरले आणि तिथून महाडला पोहोचले. २५ डिसेंबरला मनुस्मृती जळाली. तळ्यावर जायला मात्र न्यायालयाचा मनाई हुकूम आडवा आला. सवर्णांनी दावा लावला होता : हे तळे सार्वजनिक नाही, अस्पृश्यांना इथे येऊ न देण्याची अनादी रूढी आहे.

हा दावा नऊ वर्षांहून अधिक चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने सवर्णांचे अपील फेटाळले. अशी अनादी रूढी त्यांना सिद्ध करता आली नाही. बाबासाहेबांनी लढा रस्त्यावर केला, तसा मालकीच्या कागदावरही केला. जमीन कोणाची, ताबा कोणाचा, देखभालीचा पैसा कोणाचा, ही उलटतपासणी त्या खटल्याच्या मुळाशी होती. आपण मिरवणुकीचा वारसा उचलला. कागद तपासण्याचा वारसा मात्र मागे पडला.

राज्यघटनेने काय दिले, काय बाकी राहिले

राज्यघटनेच्या कलम १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. सरकारी पैशातून चालणाऱ्या किंवा जनतेसाठी अर्पण केलेल्या अशा जागी धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणालाही अडवता येणार नाही. महाडच्या काठावरचा हक्क देशाच्या मूलभूत हक्कांत आला.

पण हे कलम जातीचे कुंपण तोडते, पैशाचे नाही. तलावाचा ठेका लिलावात लाखो रुपयांना गेला आणि काठावरच्या माणसाचे जाळे बेकायदा ठरले, तर १५(२) त्याला वाचवत नाही. तिथे कलम ३९(ख) बोलते : समाजाच्या भौतिक संपत्तीची मालकी आणि नियंत्रण सर्वांच्या हिताला उपकारक होईल असे वाटले जावे. हे कलम न्यायालयात थेट मागता येत नाही, पण कायदा करताना ते लागू करणे राज्याचे कर्तव्य आहे. आणि मत्स्यव्यवसाय राज्यसूचीत आहे. यंत्राशिवाय चालणाऱ्या नावांची वाहतूकही राज्याच्याच अखत्यारीत येते. म्हणजे मासा आणि वल्ह्याची होडी या दोन्हींबाबत मुंबईला दिल्लीकडे बोट दाखवता येत नाही.

बाबासाहेबांची पाण्याकडे पाहण्याची दृष्टी किती व्यापक होती, हे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील १९४२ ते १९४६ या काळात दिसते. मजूर खात्यासोबत पाटबंधारे आणि वीज हे विषय त्यांच्याकडे होते. दामोदर खोऱ्याची बहुउद्देशीय योजना, नोव्हेंबर १९४५ ची कटकची परिषद, आणि १९४५ मध्येच स्थापन झालेला केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग ही त्या काळातली कामे. आयोगाच्या नावातच नौकानयन आहे! पूर अडवा, शेत भिजवा, वीज काढा आणि त्याच पाण्यातून माणसांची व मालाची ने-आण करा, अशी ती एकत्र मांडणी होती. पुढे धरणे झाली. त्या पाण्यातून रोज ये-जा करणारा गरीब माणूस मात्र योजनेबाहेर राहिला.

तळ्यातला मासा

पूर्व विदर्भ घ्या. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा तलावांचा मुलूख. इथले जुने तलाव मालगुजारांच्या काळात बांधले गेले. कोहळी समाजाचे बांधकामातले कौशल्य त्यामागे आहे, आणि माती वाहणाऱ्या असंख्य हातांचे श्रमही, ज्यांची नावे कुठेच नाहीत. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता. तिथल्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. जमीनदारी गेली, हे चांगलेच झाले. पण मालगुजाराच्या जागी खाते आले आणि खात्याच्या पाठोपाठ ठेका आला. पिढ्यान्‌पिढ्या मासे आणि शिंगाडे यांवर जगणाऱ्या ढिवर कुटुंबांना आपल्याच तलावासाठी कागद मागावा लागला.

सहकारी संस्था हा त्यावरचा योग्य मार्ग होता आणि आहे. पण अनेक ठिकाणी पाटी संस्थेची, पैसा व्यापाऱ्याचा आणि सभासद मजुरीवर, असा प्रकार चालतो. ठेक्याची रक्कम वाढली की संस्था आपोआप सावकाराच्या हातात जाते.

जलाशयातल्या मासेमारीला भविष्य आहे का? नक्कीच आहे. कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली वेळेवर आणि योग्य आकाराची सोडली, पावसाळ्यात विणीच्या काळात जाळे आवरले, बारीक आसाची जाळी बंद ठेवली, तलावातली बेशरम उपटून स्थानिक माशांना वाढायला जागा दिली, तर तलाव गाव पोसू शकतो. पण वर्षा-दोन वर्षांच्या ठेक्यावर आलेला माणूस हे कशाला करील? त्याला आजचा मासा हवा असतो. काठावरच्या कुटुंबाला पुढच्या वर्षीचाही हवा असतो. म्हणून तलावाचे आरोग्य आणि हक्काचा न्याय हे दोन वेगळे विषय नाहीत.

शेजारच्या मध्य प्रदेशातील तवा जलाशयाने हे दाखवून दिले. धरणात ४४ गावे गेली, त्यांत बहुतेक आदिवासी. ज्या पाण्यात त्यांची घरे बुडाली, त्यात मासा धरला की ते चोर ठरत. लढून त्यांनी १९९६ मध्ये तवा मत्स्य संघासाठी मासेमारीचा हक्क मिळवला. विस्थापितांच्या संस्थांनी बीज सोडले, बंदीचा काळ पाळला, उत्पादन वाढवले, सभासदांना मोबदला दिला. २००१ मध्ये हक्काचे नूतनीकरण झाले. २००६ च्या अखेरीस मात्र वन्यजीव संरक्षणाचे कारण देऊन तो काढून घेतला गेला. त्यांनी पाणी चांगले सांभाळले, तरीही हक्क टिकला नाही, कारण तो मेहेरबानीच्या कराराचा होता.

बुडणारी होडी

आता होडीकडे येऊ. २३ जानेवारी २०२४ रोजी गडचिरोलीच्या चामोर्शी तालुक्यातील गणपूरच्या मजूर बाया मिरची तोडायला वैनगंगेपलीकडे निघाल्या होत्या. नाव उलटली, सहा जणी गेल्या. त्याच वर्षी २१ मे रोजी उजनी जलाशयात कुगाव ते कळाशी जाणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली, सहा जीव गेले, त्यांत लहान मुले होती. उजनीने भीमाकाठची गावे बुडवली आणि उरलेल्या गावांमधले रस्ते तोडले. रस्त्याने लांबचा वळसा, पाण्यातून थोडे अंतर. म्हणून होडी. ही माणसे मौजेसाठी पाण्यात उतरली नव्हती.

सहलीच्या होडीतही तेच घडते. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेची मुले घेऊन गेलेली बोट उलटली. १२ मुले आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि अनेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. तलाव महापालिकेचा, चालवायला खासगी कंत्राटदार.

नियम नाहीत का? भरपूर आहेत. मुंबई प्रांताचा फेरी कायदा १८६८ चा. अंतर्देशीय जलयानांचा कायदा १९१७ चा, त्याच्या जागी २०२१ चा नवा कायदा आला, त्यात यंत्राविना चालणाऱ्या नावांच्या नोंदणीचीही तरतूद आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१७ मध्ये नौका सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. नियमांचा गाभा कोणालाही समजेल इतका सोपा आहे. नावेवर प्रवासी क्षमता ठळक लिहा. भार किती, हे दाखवणारी रेषा रंगवा, ती पाण्याखाली गेली की नाव सोडू नका. प्रत्येकाला लाइफ जॅकेट, तेही अंगात घातलेले, फळीखाली कोंबलेले नव्हे. वाऱ्याचा इशारा असताना आणि अंधारात फेरी बंद. प्रवाशांची नोंद काठावर ठेवा. जास्त माणसे बसली की नावेचा काठ पाण्याजवळ येतो. मग एक लाट आत येते, घाबरून सगळे उभे राहतात, एका बाजूला सरकतात आणि नाव कलंडते. हे थांबवायला फार मोठे तंत्रज्ञान लागत नाही.

मग माणसे का बुडतात? उत्तर १९२४ च्या महाडमध्ये आहे. नियम कागदावर आणि काठावर कोणीच नाही. लाइफ जॅकेट घ्यायला नावाड्याकडे पैसे नाहीत, मजुराला रोजगार बुडवणे परवडत नाही, आणि ठेका देणाऱ्या खात्याच्या करारात सुरक्षेचे कलम असले तरी ते कोणी तपासत नाही. दुर्घटना झाली की नावाड्यावर गुन्हा दाखल होतो. तोही बहुधा त्याच गरीब वस्तीतला. पाण्याची कमाई वरच्यांकडे आणि पाण्याचा धोका खालच्यांकडे, ही वाटणी जातीव्यवस्थेच्या वाटणीपेक्षा वेगळी कशी?

आपण काय करायचे

आपल्या तालुक्यातला प्रत्येक तलाव चवदार तळे समजा. सातबाऱ्यावर तो कोणाच्या नावे आहे ते काढा. माहितीच्या अधिकारात ठेक्याची प्रत, संस्थेच्या सभासदांची यादी, सोडलेल्या बीजाची नोंद मागा. नावा चालत असतील तर नोंदणी, क्षमता आणि शेवटच्या तपासणीची तारीख मागा. लाइफ जॅकेटचा खर्च ठेका देणाऱ्या यंत्रणेने करावा, हा ठराव ग्रामसभेत मांडा. अनुसूचित क्षेत्रात १९९६ चा पेसा कायदा गौण जलसाठ्यांचे नियोजन पंचायतींकडे देतो, आणि २००६ चा वनहक्क कायदा पाण्यातल्या माशांवर सामूहिक हक्क मान्य करतो. ते वापरा.

ढिवर, भोई, कोळी, कहार यांच्या जाळ्याचा प्रश्न आणि आपल्या भूमिहीन वस्तीचा प्रश्न एकमेकांविरुद्ध उभा करणारे लोक भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. पाणी सर्वांचे असे महाडने सांगितले, तेव्हा त्यात हे सगळे होते.

बोले ठरावाला आता शंभर वर्षे उलटून गेली आहेत. ठराव आणि अंमल यांच्यातले अंतर महाडच्या लोकांनी आपल्या पायांनी चालून तोडले होते. पुढच्या २० मार्चला महाडहून परतताना ओंजळभर पाण्यासोबत एक कामही घरी न्या : गावच्या तलावाचा कागद.

जय भीम!