राखेचा इतिहास कोणी लिहायचा?

बाबासाहेबांच्या कार्यातील वीज हा विषय आपल्या चर्चांत फारसा येत नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री होते आणि विजेचे धोरण त्यांच्याच खात्यात आकाराला येत होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये धोरण समितीपुढे त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेचा आग्रह धरला. तो कारखानदाराच्या नफ्यासाठी नव्हता. औद्योगीकरणाशिवाय इथला माणूस दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटणार नाही, ही त्यामागची भूमिका होती. घरात पहिल्यांदाच पदवी आलेल्या आमच्यासारख्यांना ती पटवून द्यावी लागत नाही. वीज आपल्याला हवीच आहे. म्हणूनच तिच्या राखेचा हिशेबही आपणच मागितला पाहिजे.

भारतीय दगडी कोळशात साधारणपणे ३० ते ४५ टक्के राख असते. शंभर टन कोळसा जाळला की तीस-चाळीस टन राख मागे उरते. ती पाण्यात कालवून नळांवाटे बंधाऱ्यात सोडण्याची पद्धत पडली. बंधाऱ्याचे पाणी जमिनीत झिरपते. राखेत आर्सेनिक, शिसे, पारा यांचे अंश असतात. उन्हाळ्यात वरचा थर वाळला की वारा ती राख घराघरांत नेतो. हे सारे अभियंत्यांना ठाऊक होते. जबाबदारी मात्र कोणाच्याच नावावर लिहिलेली नव्हती.

नागपूरजवळच्या कोराडी केंद्राचा पहिला संच १९७४ साली सुरू झाला. राखेच्या वापराचे बंधन घालणारी केंद्र सरकारची अधिसूचना निघाली १४ सप्टेंबर १९९९ रोजी. मधली पंचवीस वर्षे राख साचत राहिली. १९९६-९७ साली देशात सुमारे ६९ दशलक्ष टन राख निर्माण झाली आणि तिच्यातील जेमतेम १० टक्के उपयोगात आली. उरलेली नव्वद टक्के राख कोणाच्या शिवारात गेली?

पुढे नियम कडक होत गेले. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने शंभर टक्के वापर बंधनकारक केला आणि न वापरलेल्या राखेवर टनामागे १००० रुपये भरपाई ठरवली. २०२१-२२ च्या सरकारी आकडेवारीत वापर ९५ टक्क्यांच्या वर गेला. सिमेंट, विटा, रस्ते यांत राख जाते ही प्रगती नाकारण्याचे कारण नाही. पण सखल जमिनी आणि खाणींचे खड्डे भरणे हेही ‘वापर’ याच खात्यात मोजले जाते. राख एका गावातून उचलून दुसऱ्या गावाच्या खड्ड्यात टाकली की कंपनीचा हिशेब पुरा होतो. त्या दुसऱ्या गावाचा हिशेब तिथून सुरू होतो.

शिवाय जुने ढीग आहेतच. एप्रिल २०२० मध्ये मध्य प्रदेशातील सिंगरौली जिल्ह्यात सासन प्रकल्पाचा राखेचा बंधारा फुटला. सहा माणसे वाहून गेली; त्यांत लहान मुले होती. जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टीत कोराडीचा खसाळा येथील बंधारा फुटला आणि राखेचा चिखल शेतांत, नदीनाल्यांत उतरला.

अशा वेळी पंचनामा होतो तो शेतीचा. सातबाऱ्यावर नाव असेल त्याला भरपाईच्या यादीत जागा मिळते. जो त्या शेतात मजुरी करतो, त्याच नाल्यावर शेळ्या पाजतो, त्याच विहिरीचे पाणी पितो, त्या भूमिहीनाचे काय बुडाले हे लिहायला पंचनाम्यात रकानाच नसतो. आणि आपल्या वस्त्यांत भूमिहीन किती, हे वाचकांना सांगायला नको.

गावाची घाण गावाबाहेर टाकायची आणि ती बाहेरच्यांनीच सोसायची, ही या देशाची जुनी रीत. पूर्वी ती जन्माने ठरत असे. आज ती निविदेने आणि नकाशाने ठरते. म्हणून राखेची जबाबदारी ही केवळ तंत्राची बाब नाही. बंधाऱ्याची जागा ठरवताना वस्तीची ग्रामसभा, पाण्याच्या तपासणीचे आकडे मराठीत चावडीवर, भरपाईच्या यादीत भूमिहीनाचे नाव आणि राख उपसणाऱ्या कंत्राटी कामगाराची आरोग्यतपासणी, या चार मागण्या आज करता येण्यासारख्या आहेत. त्या कंपनीकडून आपोआप येणार नाहीत. विजेचा दिवा ज्यांच्या घरी उशिरा पोहोचला, त्यांच्या घरी राख मात्र सर्वांआधी पोहोचावी, हा न्याय आपण मान्य करता कामा नये.