येलदरी धरण पाहायला जाताना

परभणी : मराठवाड्यातील धरण म्हटले, की शहरी पर्यटकाच्या डोळ्यांसमोर पैठणचे जायकवाडी आणि त्याचा नाथसागर येतो. जायकवाडीचे लोकार्पण १९७६ मध्ये झाले. त्याच्या काही वर्षे आधीच पूर्णा नदीवर एक मोठे धरण उभे राहिले होते. परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील हे येलदरी धरण आजही परभणी, हिंगोली आणि नांदेड या तीन जिल्ह्यांच्या पाण्याच्या हिशेबात अग्रस्थानी आहे. वर्षासहलीचे ठिकाण म्हणून ते परिचित असले, तरी त्याचा इतिहास, कार्यपद्धती आणि तेथील धोके जाणून घेतल्यास ही सहल अधिक अर्थपूर्ण आणि सुरक्षित होते.

कोणती पूर्णा?

महाराष्ट्रात पूर्णा नावाच्या नद्या एकाहून अधिक असल्याने अनेकांचा घोटाळा होतो. अकोला, अमरावतीकडची पूर्णा तापीला मिळते. येलदरीची पूर्णा अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते आणि जालना, बुलडाणा जिल्ह्यांतून वाहत परभणी जिल्ह्यात येऊन पुढे गोदावरीला मिळते. त्यामुळे येलदरीत किती पाणी येणार, हे केवळ जिंतूरच्या पावसावर ठरत नाही. वरच्या बाजूला, बुलडाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजा तालुक्यात खडकपूर्णा प्रकल्प (संत चोखामेळा सागर) आहे. तो भरून तेथून विसर्ग सुरू झाला, की येलदरीची पातळी वेगाने वाढू लागते. जिंतुरात ऊन पडलेले असतानाही धरणात पाण्याची आवक सुरू असते, त्याचे कारण हेच.

धरणाचा इतिहास

मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्यातून तत्कालीन द्विभाषिक मुंबई राज्यात आला. अवर्षणप्रवण प्रदेशाला सिंचनाचा आधार देण्यासाठी पुढील दशकात पूर्णा प्रकल्प साकारला. १९६८ मध्ये तो पूर्णत्वास गेला. येलदरी आणि सिद्धेश्वर ही या प्रकल्पाची दोन जुळी धरणे आहेत. दोन्ही तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातच होती. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा स्वतंत्र झाला, तेव्हा येलदरी परभणीत राहिले आणि औंढा नागनाथ तालुक्यातील सिद्धेश्वर हिंगोलीत गेले. जिल्ह्याची सीमा बदलली, पाण्याचे नाते मात्र तसेच राहिले.

येलदरी हे मातीचे धरण असून त्याची उंची सुमारे ५१ मीटर, तर लांबी ४ किलोमीटरहून अधिक आहे. एकूण साठवणक्षमता ९३४ दशलक्ष घनमीटर (दलघमी) असून त्यापैकी सुमारे ८१० दलघमी साठा उपयुक्त मानला जातो. पाटबंधारे खात्याच्या भाषेत हे सुमारे २८.६ टीएमसी होतात. तुलनेसाठी, जायकवाडीचा उपयुक्त साठा सुमारे २,१७१ दलघमी आहे. एक दलघमी म्हणजे शंभर कोटी लिटर. येलदरीच्या सांडव्यावर दहा दरवाजे आहेत.

दोन धरणे, एक साखळी

येलदरीचे वैशिष्ट्य समजून घ्यायचे, तर सिद्धेश्वर वगळून चालत नाही. येलदरी हे प्रामुख्याने साठवण धरण आहे. तेथील पाणी पायथ्याच्या जलविद्युत केंद्रातून नदीपात्रात सोडले जाते. या केंद्राची क्षमता २२.५ मेगावॉट असून तेथे प्रत्येकी ७.५ मेगावॉटचे तीन संच आहेत. वीज निर्माण करून बाहेर पडलेले हेच पाणी खाली सिद्धेश्वर धरणात अडविले जाते आणि तेथून कालव्यांद्वारे शेतीला मिळते. एकाच पाण्याचा असा दुहेरी उपयोग होतो.

सिद्धेश्वरची एकूण क्षमता सुमारे २५० दलघमी असली, तरी उपयुक्त साठा जेमतेम ८१ दलघमी आहे. उरलेला मृतसाठा आहे, म्हणजे विमोचकाच्या पातळीखालचे पाणी. ते नैसर्गिक उताराने कालव्यात येत नाही. सिद्धेश्वरच्या लाभक्षेत्रातील शेतकऱ्याचे डोळे येलदरीच्या पातळीकडे लागलेले असतात, ते त्यामुळेच. वसमत, पूर्णा, परभणी परिसरातील रब्बीची पाणीपाळी येलदरीच्या साठ्यावर अवलंबून असते. परभणी आणि जिंतूर शहरांना येलदरीचे, तर हिंगोली शहराला सिद्धेश्वरचे पाणी पुरविले जाते. धरण पाहणाऱ्याने ध्यानात ठेवावे, की समोरचा जलाशय हे केवळ निसर्गदृश्य नाही. ती लाखो लोकांची वर्षभराची शिदोरी आहे.

केव्हा जाल?

धरण नेमके कशासाठी पाहायचे, त्यावर सहलीची वेळ ठरवावी. भरलेला जलाशय पाहायचा असेल, तर सप्टेंबर ते नोव्हेंबर हा काळ उत्तम. सर्वसाधारणपणे पावसाळ्याच्या अखेरीस साठा सर्वाधिक असतो. मात्र दरवर्षी धरण भरतेच असे नाही. अवर्षणाच्या वर्षांत येलदरी मृतसाठ्यापर्यंत गेल्याचा अनुभव मराठवाड्याने घेतला आहे. त्यामुळे निघण्यापूर्वी जलसंपदा विभागाकडून प्रसिद्ध होणारी पाणीसाठ्याची टक्केवारी पाहावी. ही टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते. ती शून्यावर आली, तरी जलाशयात काही पाणी दिसते, ते मृतसाठ्याचे.

दरवाजे उघडलेले पाहण्याची हौस अनेकांना असते. ते दरवाजे साठा आणि आवक पाहून, जलाशय परिचालन सूचीनुसार उघडले जातात. त्यासाठी आगाऊ तारीख ठरविता येत नाही. डिसेंबर, जानेवारीत हवा आल्हाददायक असते आणि पाणवठ्यावर स्थलांतरित पक्षी दिसू शकतात, तेव्हा दुर्बीण जवळ ठेवावी. एप्रिल-मे महिन्यांत परभणीचा पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. त्या काळात लहान मुले आणि ज्येष्ठांना घेऊन जाणे टाळलेले बरे.

कसे जाल?

परभणी हे मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरील जंक्शन असून परळीकडे जाणारा फाटाही येथूनच फुटतो. परभणीहून जिंतूर सुमारे ४५ किलोमीटर आणि जिंतूरहून येलदरी सुमारे १५ किलोमीटर अंतरावर आहे. छत्रपती संभाजीनगरकडून येणाऱ्यांना जालना, मंठा मार्गे थेट जिंतूर गाठता येते. हिंगोलीकडून सेनगाव मार्गे येलदरीला येता येते. जिंतूरपर्यंत एस.टी. बसची सोय आहे. पुढील प्रवासासाठी स्वतःचे किंवा भाड्याचे वाहन असल्यास वेळ वाचतो. परतीच्या शेवटच्या गाडीची चौकशी जिंतूर बसस्थानकातच करून घ्यावी. मुक्काम परभणी किंवा औंढा येथे करणे सोयीचे ठरते. पिण्याचे पाणी व खाद्यपदार्थ सोबत न्यावेत आणि कचरा परत आणावा. कारण जलाशयाच्या काठावर टाकलेला कचरा अखेर शहरांच्या पिण्याच्या पाण्यातच उतरतो.

आणखी काय पाहाल?

जिंतूरपासून जवळच नेमगिरी हे जैन तीर्थक्षेत्र आहे. टेकडीवरील गुंफांमधील तीर्थंकरांच्या मूर्ती आवर्जून पाहाव्यात. जिंतूर तालुक्यातीलच चारठाणा गाव प्राचीन मंदिरांसाठी अभ्यासकांना परिचित आहे. जिंतूरहून औंढा नागनाथ गाठल्यास ज्योतिर्लिंगाचे दर्शन आणि मंदिरावरील शिल्पकाम पाहता येते. तेथून सिद्धेश्वर धरण याच तालुक्यात असल्याने पूर्णा प्रकल्पाची साखळी एका दिवसात पूर्ण होते. परभणी, जिंतूर, येलदरी, औंढा आणि परत परभणी, असा प्रवास सकाळी लवकर निघाल्यास सहज शक्य आहे.

सुरक्षा आधी

धरणाचा परिसर हा शासकीय प्रकल्पाचा भाग आहे. भिंत, सांडवा, दरवाजांचा भाग आणि विद्युतगृह येथे विनापरवानगी प्रवेश करू नये. आतील भाग पाहण्याची इच्छा असलेल्या अभ्यासकांनी वा शाळा-महाविद्यालयांनी संबंधित कार्यालयाकडे आधी लेखी विनंती करावी. छायाचित्रण आणि ड्रोनबाबतही तेथील सूचना पाळाव्यात.

सर्वांत मोठा धोका मात्र धरणाच्या वर नाही, खाली आहे. विद्युतगृह सुरू झाले किंवा दरवाजे उचलले गेले, की कोरडे भासणारे नदीपात्र अल्पावधीत भरते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर पाणी. दहा हजार क्युसेक विसर्ग असेल, तर सेकंदाला सुमारे २ लाख ८३ हजार लिटर पाणी पात्रातून धावू लागते. म्हणूनच मोठ्या विसर्गापूर्वी पूर्णाकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा दिला जातो आणि पुढे गोदावरीकाठच्या नांदेडलाही त्याची दखल घ्यावी लागते. पात्रातील खडकांवर बसून डबा खाणे, मुलांना पाण्यात उतरविणे किंवा सेल्फीसाठी कडेला जाणे जिवावर बेतू शकते. भोंगा वाजताच सामान आवरत न बसता प्रथम काठ गाठावा. जलाशयातही काठाचा गाळ फसवा असतो आणि खोलीचा अंदाज येत नाही. त्यामुळे पट्टीच्या पोहणाऱ्यानेही तेथे उतरू नये.

पाणी दिसते शांत, पण त्यामागे सुमारे ५१ मीटर उंचीची भिंत उभी आहे. ते अंतर राखूनच पाहावे.